मामाचा झोका

शनिवारी सकाळी भाचीचा फोन. "मामा, तुझ्याकडे ती प्लाय कापायची मशीन आहे ना? ये लवकर." वीकएंडला दहाच्या आत उठणं आपल्या तत्त्वात बसत नाही, पण गेलो मुलुंडला. सोसायटीच्या हॉलमध्ये पाच-सहा पोरं, प्लायवूड, फोमच्या टाइल्स. 'फर्स्ट टेक चॅलेंज' या रोबो स्पर्धेची तयारी. मैदान १२ फूट बाय १२ फूट, म्हणजे २ फुटी ३६ टाइल्स. एवढ्यात आपल्याकडे अख्खा संसार मांडतात राव! म्हणून यांनी अर्धंच मैदान टाकलेलं. वर दरवर्षी खेळ नवा, म्हणजे सरावाचं सामानही नवं.

मला २०१४ आठवलं. त्या वर्षी एबीयू रोबोकॉन पुण्यात होती, विषय आईबापांना सलाम. मोठ्या रोबोनं पिल्लू रोबोला बागेत खेळवायचं. सीसॉ, खांबांवरून चालणं, झोका, जंगल जिम. आम्ही इंजिनीअरिंगची पोरं महिनाभर रोबो सोडून बागच बांधत होतो. सुतारकाका रोज विचारायचे, "मुलं कधी येणार खेळायला?"

झोका माझ्याकडे होता. मापं रुलबुकातली, रंगसुद्धा तोच. फक्त वरची कडी स्वस्तातली, जरा घट्ट. आमचं पिल्लू त्या घट्ट झोक्यावर शिकलं. राष्ट्रीय फेरीतला झोका मस्त हलका. पिल्लू टेकलं, झोका सरकला, पिल्लू खाली. सगळ्या टीमची कित्येक महिन्यांची जागरणं काही सेकंदांत साफ. मला कुणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

इथे मुलुंडला पोरं रंगावरून भांडत होती. म्हटलं, रंग गेला खड्ड्यात, तुमचा रोबो शिवतो कशाकशाला ते सांगा. तिथली उंची, कड, घसरण हुबेहूब हवी. बाकी पुठ्ठा लावा. 'फर्स्ट'च्या मोठ्या रोबोंच्या स्पर्धेत तर आयोजकच सरावासाठी स्वस्त, लाकडी सामानाचे आराखडे देतात. त्यात कमीपणा कसला?

मग टाइल्सवर हात फिरवला. खेळण्यांच्या दुकानातल्या, गुळगुळीत. रोबो वळताना चाकं सुळकन घसरत होती आणि पोरं प्रोग्राम बदलत बसली होती!

स्पर्धेतल्यासारख्या निदान चार टाइल्स, रोबो वळतो तिथे तरी, घ्यायलाच हव्यात असं ठरलं. वर्गणी संपलेली. पैसे मीच काढले. ताईला सांगू नका.