गारव्याचें ऋण

गृहस्थाश्रमाला अन्नाचा संचय सुटत नाहीं. धान्याला कणगी, लोणच्याला बरणी, दह्यादुधाला शिंकें आणि पाण्याला माठ, अशी ज्या त्या पदार्थाची सोय आपल्या वाडवडिलांनीं लावून ठेविली होती. ह्या मालिकेंत शेवटीं आलेलें, परंतु आज सर्वांवर अधिराज्य करणारें साधन म्हणजे शीतकपाट, अर्थात् घरोघरचा 'फ्रीज'. सन १८३३ मध्यें अमेरिकेंतील बोस्टनहून बर्फ जहाजानें कलकत्त्यास आला, तेव्हां तो धनिकांच्या मेजवानीचें कौतुक होता. आज तोच गारवा मध्यम स्थितीच्या कुटुंबाचा नित्याचा सोबती झाला आहे. ह्या सुखाचें मोल कोण आणि कसें चुकवितो, ह्याचा थोडा विचार ह्या महिन्यांत करावा, असा आमचा मानस आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पर्यावरणाचा विषय निघाला कीं कांहीं सत्प्रवृत्त मंडळी 'फ्रीजच नको' असें म्हणूं लागतात. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. मनुष्यासाठीं पिकविलेल्या अन्नापैकीं सुमारें एक तृतीयांश वायां जातें, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०११ सालीं मांडला. अन्न नासलें म्हणजे केवळ अन्नच नासत नाहीं. त्याच्यासाठीं खर्चलेलें पाणी, खत आणि शेतकऱ्याचे श्रम हींही मातींत जातात, आणि उकिरड्यांत कुजतांना त्यांतून मिथेन हा उष्णता कोंडणारा वायु निघतो तो निराळाच. तेव्हां प्रश्न गारवा असावा कीं नसावा हा नव्हे. तो कसा, किती आणि कोणासाठीं असावा, हा आहे.

शीतकपाट थंडी निर्माण करितें, ही समजूत बरोबर नव्हे. तें आंतील उष्णता उचलून बाहेर टाकतें, एवढेंच. हें ओझें वाहण्याचें काम नळींतून फिरणारें एक द्रव्य करितें. आंत वायुरूप होतांना तें उष्णता घेतें आणि बाहेरच्या जाळींत पुन्हां द्रवरूप होतांना ती सोडतें. ह्या फेऱ्यासाठीं वीज लागते, आणि आपल्या देशांत अद्यापि बहुतेक वीज कोळसा जाळून होते. हा पहिला भार.

दुसरा भार त्या द्रव्याचाच. पूर्वीं वापरांत असलेले क्लोरोफ्लुरोकार्बन वायु आकाशांतील ओझोनचें कवच झिजवितात, असें मोलिना व रोलंड ह्या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दाखविलें. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें ते क्रमानें हद्दपार झाले. त्यांच्या जागीं आलेले एचएफसी वायु ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वीला तापविण्यांत मोठे तरबेज. त्यांपैकीं १३४ए हा वायु, शंभर वर्षांच्या हिशेबानें, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४३० पट उष्णता कोंडतो. म्हणजे एखाद्या कपाटांतून तो अवघा १०० ग्रॅम सुटला, तरी १४३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखें झालें! म्हणून २०१६ सालीं किगाली येथें ह्या वायूंसही आळा घालण्याचें ठरलें. भारतानें २०२१ मध्यें त्यास मान्यता दिली असून, २०३२ पासून टप्प्याटप्प्यानें २०४७ पर्यंत ८५ टक्के घट करावयाची आहे. नव्या घरगुती कपाटांत आतां बहुधा आयसोब्युटेन असतो. त्याचा ताप नगण्य, पण तो ज्वलनशील असल्यामुळें दुरुस्ती जाणत्या हातींच करवावी. मोठ्या शीतगृहांत अमोनिया चालतो. तो पृथ्वीला तापवीत नाहीं, मात्र विषारी असल्यानें तेथें दक्षता हवी.

आतां वाहतुकीकडे वळूं. नाशिकचीं द्राक्षें परदेशीं जातात, तेव्हां तोडणीनंतर लवकरांत लवकर त्यांच्यांतील उन्हाची धग काढून घ्यावी लागते. मग तीं शून्य अंशाच्या आसपास राखून बंदरापर्यंत न्यावयाचीं. थंड मालमोटारींत गारव्यासाठीं पुष्कळदां निराळें डिझेल इंजिन असतें, आणि गाडी उभी असतांनाही तें धूर ओकत राहतें. थांब्यावर विजेची जोडणी देणें, रात्रीं गोठविलेल्या पट्ट्यांच्या बळावर दिवसा गारवा टिकविणें, भिंतींचें उष्णतारोधक अस्तर जाड करणें, हे त्यावरील उपाय होत. शिवाय सर्वांस एकच थंडी मानवत नाहीं. केळें तेरा अंशांच्या पुष्कळ खालीं नेलें तर काळें पडतें. कांद्याला तर हवेशीर चाळच पुरते. दिल्लीच्या पुसा येथील कृषि संशोधन संस्थेनें विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून विजेवांचून भाजी ताजी राखणारी कोठी सिद्ध केली. ती आपल्या माठाचीच धाकटी बहीण म्हणावी. गोठविलेल्या अन्नास उणे १८ ऐवजीं उणे १५ अंश पुरतील काय, ह्याचीही चर्चा २०२३ पासून चालू आहे.

गृहिणी व गृहस्थ ह्यांनीं काय करावें? कपाट गरजेपुरतेंच मोठें आणि अधिक तारे असलेलें घ्यावें. तें भिंतीपासून थोडें दूर ठेवावें, दाराचें रबर तपासावें, आंतील उष्णमान चार अंशांच्या आसपास असावें. वाफाळती आमटी थोडी निवाल्यावरच आंत जावी. आणि सर्वांत महत्त्वाचें, जुनें कपाट भंगारवाल्यास देऊं नये. तांब्याच्या लोभानें नळी कापली जाते आणि सगळा वायु आकाशांत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहेत. तें नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याच्याच स्वाधीन करावें.

परंतु एक शल्य उरतेंच. आपल्या कपाटांत तीन दिवसांची भाजी विसरलेली असते, आणि तीच भाजी पिकविणारा शेतकरी गारव्याच्या अभावीं ती संध्याकाळीं मातीमोलानें विकून घरीं परततो. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या लहान शीतखोल्या गांवोगांव उभ्या राहिल्या, तर हा अन्याय कांहीं अंशीं तरी दूर होईल. त्यासाठीं आपल्या प्रतिनिधींकडे आग्रह धरणें हाही गृहस्थधर्मच होय.

आपल्या शास्त्रांनीं देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. पितरांचें ऋण वंशजांनीं फेडावयाचें असतें. हें चौथें मात्र विपरीत आहे. तें आपण करून नातवंडांच्या नांवें मांडीत आहों. तें जितकें कमी मांडतां येईल तितकें बरें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें.