नायिका बाहेरगावची

आमचा गाव डिचोली तालुक्यात. गेल्या जत्रेला देवळासमोरच्या मांडवात नेहमीसारखं सामाजिक नाटक होतं. शेवटच्या अंकात नायिका नवऱ्याला तोंडावर सांगते, ‘आता या घरात मी राहणार नाही,’ आणि बॅग उचलून चालू पडते. काय टाळ्या पडल्या! पुढच्या रांगेतल्या एक काकी तर उभ्याच राहिल्या. मीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी नाटक बसवणाऱ्यांतल्या एका काकांना मी विचारलं, “पुढच्या वर्षी मला एखादं काम द्याल?” ते हसले. “गे बाय, आमच्या गांवचीं चेडवां स्टेजीर वचनात.”

मग लक्षात आलं. नवरा, सासरा, खलनायक सगळे आमच्याच वाड्यावरचे. नायिका तेवढी सावंतवाडीहून नाइटवर आणलेली. बंड करणारी बाई आम्हांला हवी असते, पण बाहेरगावची. नाटक संपलं की ती गाडीत बसून निघून जाते आणि तिच्याबरोबर तिचं बंडही जातं.

घर सोडणारी नायिका मराठी नाटकाला काही नवी नाही. मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’ १९४२ मध्ये रंगमंचावर आलं. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) मधल्या नोराची छाया त्यावर आहे. ‘कुलवधू’ची भानुमती सिनेनटी. तिचं नाव नवऱ्यापेक्षा मोठं होतं, ते त्याला सोसत नाही आणि शेवटी ती घराबाहेर पडते. ही भानुमती केली ज्योत्स्ना भोळे यांनी. त्यांचा जन्म १९१४ चा, फोंडा तालुक्यातल्या बांदिवड्याचा. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त त्या उभ्या राहिल्या, तेव्हा मराठी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषांनी करणं ही सवयीची गोष्ट होती.

मला वाटतं, भानुमतीपेक्षा ज्योत्स्नाबाई मोठ्या. भानुमतीचं धाडस रांगणेकरांनी लिहून दिलं होतं. ज्योत्स्नाबाईंना ते लोकांसमोर स्वतःच्या अंगावर घ्यावं लागलं. लोकांची कुजबुज काही संहितेत लिहिलेली नसते. ती नटीच्या घरापर्यंत येते.

आता कोणी म्हणेल, ही कॅथलिक मुलगी देवळाच्या नाटकाला नावं ठेवते. नाही हां. मी मराठी शाळेत शिकले, जत्रेची नाटकं बघतच मोठी झाले. आणि आमच्या घरात वेगळं काय आहे? तियात्रात १९०४ मध्येच रेजिना फेर्नांडिस उभी राहिली. तियात्रातली पहिली स्त्री कलाकार म्हणून तिचं नाव घेतात. ती जुवांव आगुस्तीन फेर्नांडिसांची बायको. तियात्र त्यांनी लिहिला आणि बायकोला घरी बसवलं नाही. पण मी नाटकाचं नाव काढलं तेव्हा माझी ममा पहिलं काय म्हणाली? “लोक कितें म्हणटले?” चर्चच्या क्वायरमध्ये गायला तिची ना नाही. तिथेही लोक बघतातच की!

बायकांना अभिनय येत नाही असं तर कोणीच म्हणू नये. आमच्याकडे पौषात मांडावर धालो होतात. तिथे शेजारच्या वहिनी, आज्या पुरुषांची सोंगं घेतात, हसवून हसवून लोळवतात. पेडण्यात दशावतारात पुरुष लुगडं नेसून राणी होतो, त्याला आपण कलाकार म्हणतो. मग मांडावर सोंग घेणारी वहिनी रंगमंचावर चढली की तिच्या अब्रूचा प्रश्न कुठून येतो?

एक अडचण खरी आहे. तालमी रात्री दहाला सुरू होतात, बारा-एक वाजतात. तेव्हा बस नसते आणि मुलीला एकटीला सोडायला आईबाप घाबरतात. त्यांना मी दोष देत नाही. पण दहाची वेळ काही देवाने ठरवलेली नाही. कामावरून येणाऱ्यांना सोयीची म्हणून ती पडली. ती रविवारी दुपारी ठेवता येते. मुलींना घरी पोचवायची जबाबदारी मंडळाला वाटून घेता येते. एकटी मुलगी बुजेल, तर दोघींना एकदम काम देता येतं. मंडळाने ठरवलं तर हे सगळं पुढच्या जत्रेपर्यंत होऊ शकतं.

मी यंदा पुन्हा विचारणार आहे. या वेळी शेजारची मैत्रीणही बरोबर येते म्हणाली. ममा अजून हो म्हणाली नाही, पण “तालीम कितल्या वरांचेर?” असं तिने परवा विचारलं. मला तेवढं पुरे.

तुमच्या गावातही जत्रेचं नाटक असेल. नायिका घर सोडून निघाली की टाळ्या जरूर वाजवा. पण नंतर शेजारच्या माणसाला एवढं विचारा: ही कुठली? आणि आपल्या गावची का नाही?