परागंदा सरकारे आणि तेरेखोलची आठवण

म्यानमारमधील लष्करी उठावाला १ फेब्रुवारी रोजी पाच वर्षे पूर्ण झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून आलेले प्रतिनिधी संसदेत पाऊल ठेवणार, त्याच दिवशी पहाटे जनरल मिन आंग ह्लाइंग यांनी सत्ता बळकावली. आंग सान सू ची तुरुंगात गेल्या. जे निसटले, त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय एकता सरकार’ स्थापन केले. त्यातील अनेकजण आज देशाबाहेर आहेत. सू ची यांचा पक्ष लष्कराने २०२३ मध्येच विसर्जित केला. त्यानंतर गेल्या डिसेंबरात सुरू झालेल्या निवडणुकीत लष्करधार्जिण्या पक्षाची सरशी झाली, यात नवल नाही. प्रश्न आहे तो बाहेर पडलेल्यांचे पुढे काय, हा.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. योगायोगाने तारीखही तीच, १ फेब्रुवारी, साल १८३५. तिसवाडीतील नेवरे येथे जन्मलेले डॉ. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हे पोर्तुगीज राजवटीच्या साडेचारशे वर्षांत गोव्याच्या कारभाराच्या प्रमुखपदी बसलेले एकमेव गोमंतकीय. पोर्तुगालमधील घटनावादी पक्ष विजयी झाल्यावर लिस्बनने त्यांना ‘प्रीफेक्ट’ नेमले. १४ जानेवारीला त्यांनी सूत्रे घेतली आणि अडीच आठवडे होतात न होतात तोच सैन्याने बंड केले. एका ‘नेटिव्हा’चा हुकूम मानणे येथील गोऱ्या आणि मेस्तिस अधिकाऱ्यांना सोसवणारे नव्हते. डॉक्टरांना मुंबई गाठावी लागली. मागे राहिलेल्या समर्थकांचे हाल झाले: पणजीनजीक गास्पार दियशच्या किल्ल्यात आणि पेडण्यातील तेरेखोलच्या किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या शिपायांची कत्तल झाली. (पर्यटनविषयक मजकुरांत तेरेखोलच्या या घटनेचे साल १८२५ असे छापलेले आढळते. त्या साली डॉक्टर सत्तेवर नव्हतेच.)

पुढची हकिकत आज अधिक उपयोगी आहे. मुंबईतील गोमंतकीय व्यापारी रोजेरियु द फारिया यांनी पैसा ओतला, जहाजे निघाली. पण वादळाने ती पांगली आणि फारिया कर्जात बुडाले. दमण व दीव मात्र डॉक्टरांच्या बाजूस राहिले आणि १८३७ पर्यंत त्यांचा कारभार दमणहून चालला. पणजीत लष्करी गव्हर्नर वाश्कोंसेलुश यांची सत्ता होती. कायदा एकाकडे, बंदुका दुसऱ्याकडे. लिस्बनने अखेर काय केले? आपल्याच नियुक्त माणसाला परत बसवण्याऐवजी बॅरन सब्रोज हा तिसराच गव्हर्नर धाडला. पेरिश द सिल्व्हा पुन्हा कधी गोव्यावर अधिकार गाजवू शकले नाहीत. १८४४ मध्ये लिस्बनला त्यांचे निधन झाले.

म्यानमारबाबत अशाच ‘तिसऱ्या’ची चाहूल लागते आहे. आसियानने २०२१ पासून लष्करप्रमुखांना शिखर परिषदांपासून दूर ठेवले. तरी निवडणुकीचा शिक्का बसल्यावर तो आग्रह कितपत टिकेल, याची शंका आहे. भारताने संबंध तोडले नाहीत. पंतप्रधान मोदी गतवर्षी एप्रिलमध्ये बँकॉक येथे आणि ऑगस्टमध्ये तियानजिन येथे जनरलना भेटले. सीमेची सुरक्षा आणि चीनचा प्रभाव पाहता दिल्लीची ही अडचण समजण्यासारखी आहे, समर्थनीय मात्र नाही.

तरीही दोन्ही प्रसंगांत एक मूलभूत फरक आहे. पेरिश द सिल्व्हांची नेमणूक लिस्बनच्या हुकुमाने झाली होती. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम अर्धे शतक लोटले होते. तेथील रयतेला डॉक्टर हवेत की सेनाधिकारी, हे कोणी विचारलेच नाही. त्यामुळे डॉक्टर गेल्यावर त्यांच्यासाठी तेथील मुलूख उठण्याचे कारणही नव्हते. म्यानमारमध्ये लोकांनी मत दिले होते. ते हिरावले गेल्यावर शिक्षक, डॉक्टर, रेल्वे कर्मचारी कामावरून उठले, तरुण शस्त्र घेऊन रानात गेले, आणि मोठा सीमावर्ती प्रदेश आज लष्कराच्या हाती नाही. परागंदा सरकारचे खरे दमण तेथे आहे, परदेशातील कचेऱ्यांत नव्हे. मात्र त्या प्रदेशांवर हुकमत प्रामुख्याने वांशिक सशस्त्र संघटनांची आहे. त्यांना संघराज्यात नेमका किती वाटा देणार, हे एकता सरकारला अद्याप त्यांच्या गळी उतरवता आलेले नाही. मिझोरममध्ये आश्रयास आलेले तीस हजारांवर निर्वासित परतणार की नाही, हे रंगूनच्या निवडणूक निकालापेक्षा या वाटाघाटीवर अधिक अवलंबून आहे.