सूर्याची थाळी आणि सायंकाळचे दुर्वास

आज माघ शुद्ध सप्तमी. तुळशीपाशी सात अश्वांचा रथ रेखाटून, गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातील दूध उतू घालवून घरोघरी भगवान सूर्यनारायणाचे पूजन होईल. त्या सूर्याशी आपल्या देशाने सांप्रत जो नवा व्यवहार आरंभिला आहे, त्याचा विचार करण्यास आजचा दिवस उचित वाटतो.

व्यवहार लहान नाही. २२ जानेवारी २०२४ रोजी, अयोध्येत श्रीरामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली त्याच दिवशी, एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचा संकल्प पंतप्रधानांनी जाहीर केला. पुढच्याच महिन्यात त्यास ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे रूप येऊन ७५ हजार कोटींहून अधिक रकमेस मंजुरी मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली, आणि त्याच वर्षाच्या मध्यास एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आदी इंधनांखेरीज अन्य मार्गांची झाली. आकडे अभिमान वाटावा असेच आहेत. मात्र क्षमता निराळी आणि हाती येणारी वीज निराळी. प्रत्यक्ष वापरातील वीज अजूनही बहुतांशी कोळशाचीच आहे, आणि सूर्यास्तानंतर तर तिचाच आधार.

वनपर्वातील आख्यान आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. वनवासात ब्राह्मण-अतिथींस जेवू कसे घालावे या चिंतेत पडलेल्या धर्मराजाने धौम्यांच्या उपदेशावरून सूर्याची उपासना केली व ताम्रपात्र मिळविले. पात्र अक्षय खरे, पण त्यास एक अट होती. द्रौपदीचे भोजन होईतो त्यातील अन्न सरावयाचे नाही. तिचे जेवण झाले की दुसऱ्या दिवसापर्यंत पात्र रिते. दुर्वास दहा हजार शिष्यांसह आले ते नेमके थाळी घासून पालथी घातल्यावर. (भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने दुर्वासांचे हे उपाख्यान मूळ संहितेत धरलेले नाही, हे आम्ही जाणतो; परंतु कीर्तनात हे आख्यान लावले की श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येते, त्यास संहितेचा पुरावा लागत नाही. असो.) छपरावरील सौरसंच हे तेच ताम्रपात्र होय. दुपारी ओसंडून देईल, आणि सायंकाळी दिवे, पंखे, शेगड्या, पाण्याचे पंप हे सारे दुर्वास एकदम दारी आले की रिते असेल.

येथे पुष्कळ गृहस्थांचा एक गैरसमज आढळतो. दुपारी आपण वाहिनीत सोडलेली वीज सायंकाळी परत मिळते, अर्थी ती कोठेतरी साठून राहिली असली पाहिजे, असे त्यांस वाटते. हिशेबाच्या वहीत ती साठते, वाहिनीत नव्हे. वाहिनी काहीच राखून ठेवीत नाही. ज्या क्षणी वीज निर्माण झाली त्या क्षणी ती खर्ची पडली पाहिजे. सायंकाळी आपल्यास ‘परत’ मिळणारे युनिट त्या वेळी कोणीतरी कोळसा जाळून किंवा धरणाचे पाणी सोडून उत्पन्न केलेले असते. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. भर दुपारी वाहिनीची वीज गेली, तर डोक्यावर सूर्य तळपत असूनही साधा सौरसंच बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवास अपाय होऊ नये म्हणून तो तसाच घडविलेला असतो, आणि ते योग्यच आहे. घरात बॅटरी व तिला जोडणारी निराळी यंत्रणा असेल तरच त्या वेळी घर उजळते.

तेव्हा सूर्याचे तेज राखावे कसे, हा खरा प्रश्न. अग्निहोत्रात सायंकाळची आहुती अग्नीस व प्रातःकाळची सूर्यास दिली जाते. अस्तास जाणारा सूर्य आपले तेज अग्नीच्या ठायी ठेवून जातो, ही त्यामागील वैदिक धारणा. वेदात बॅटऱ्या होत्या असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ठेव ठेवल्यावाचून रात्र निभत नाही, एवढे मात्र पूर्वजांस उमगले होते.

या ठेवीचे ठळक उदाहरण एका सूर्यक्षेत्रातच घडले आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील मोढेरा येथे अकराव्या शतकात, सोळंकी नृपती पहिल्या भीमाच्या काळी उभारलेले सूर्यमंदिर आहे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी ते गाव अहोरात्र सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून घोषित झाले. १,३०० हून अधिक छपरांवर एकेक किलोवॅटचे संच, शेजारी सुज्जनपुरा येथे सहा मेगावॅटचा प्रकल्प, आणि त्याच्या जोडीस १५ मेगावॅट-तास साठविणाऱ्या बॅटऱ्या. मोढेऱ्याचे मर्म छपरांत नाही, या बॅटऱ्यांत आहे. खर्च सुमारे ८० कोटी रुपये. एका लहानशा परिसरावर एवढा व्यय प्रत्येक ग्रामास परवडणारा नव्हता, हे उघड आहे.

परंतु भाव झपाट्याने उतरत आहेत. दोन तासांच्या साठवणीसाठी २०२२ साली एका मेगावॅटमागे दरमहा सुमारे १०.८ लाख रुपये मागितले जात. २०२४ च्या अखेरीस राजस्थानातील निविदेत, शासकीय साहाय्य धरून, तोच आकडा सुमारे २.२ लाखांवर आला. दिल्लीत किलोकरी येथे २०२५ मध्ये २० मेगावॅटची, दोन तास पुरेल अशी बॅटरी नगराच्या उपकेंद्रातच उभी राहिली. नव्या सौर निविदांत साठवणीची जोड असावी, असा सल्ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला आहे.

साठवण म्हणजे केवळ बॅटरी नव्हे. आपल्याच सह्याद्रीत २५० मेगावॅटचा घाटघर उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. मागणी कमी असता खालच्या तलावातील पाणी वर चढवावयाचे, आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज घ्यावयाची. ‘उदंचन’ हा शब्द कोणा मर्मज्ञाने योजला असावा. ऋग्वेदात विहिरीतून पाणी वर काढण्याच्या पात्रास हाच शब्द आहे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ तबकड्यांनी सूर्याची उष्णता एकवटून वाफेवर स्वयंपाक होतो, तेथे तर विजेची वाटच वगळली आहे.

आमच्या क्षेत्राच्या ठिकाणी धूपारती, शेजारती, रात्रीचे कीर्तन, दर्शनरांगेचे दिवे, भक्तनिवास, सारी मागणी सूर्यास्तानंतरची. अनेक देवस्थानांनी भक्तनिवासांवर सौरसंच बसविले, बिल उतरले, आणि मंदिरामागे डिझेलचे जनित्र मात्र धडधडतच आहे. आमचे स्पष्ट मत असे, की आता देणगीदाराने आणखी एक छप्पर झाकण्यापेक्षा त्या जनित्राच्या जागी बॅटरी द्यावी. शासनानेही विचार करावा. ‘सूर्यघर’चे अनुदान, तीन किलोवॅटास ७८ हजार, संचाच्या क्षमतेवर मोजले जाते, साठवणीवर नव्हे. मग लोक थाळ्याच घेणार.

गृहस्थांसाठी बॅटरी अद्याप महाग आहे. तोवर गच्चीवरील पाण्याची टाकी ही फुकटची साठवण आहे. तीन पंप असलेल्या सोसायटीने ते पहाटेऐवजी दुपारी बारास चालवावेत. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर किमान वीस टक्के कमी ठेवावा असे ठरविलेच आहे. तसे मीटर बसतील तसतसा हा लाभ पदरी पडेल.

बॅटरी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ती जिन्याखाली वा बाहेर पडण्याच्या वाटेवर बसवू नये. आणि आयुष्य संपल्यावर ती परत नेणार कोण, हे कागदावर लिहून घ्यावे. २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भंगारवाल्याच्या हाती कशा फुटत असत, ते भारनियमनाच्या दिवसांत आपण सर्वांनी पाहिलेच आहे.