किती पुस्तकं झाली?



"या वर्षी किती पुस्तकं झाली?" हा प्रश्न हल्ली आपल्यात फार विचारला जातो. झाली म्हणजे काय, तर पापड झाले, कुरडया झाल्या, तशी पुस्तकं झाली. वाचनाची नोंद ठेवायच्या मी विरुद्ध नाही. मी कॉमर्सची, दुधाचासुद्धा हिशेब लिहून ठेवते. पण नोंद वेगळी आणि बेरीज वेगळी. आपल्या मंडळांनी बेरजेचं जे खूळ घेतलं आहे, त्याने स्वाध्यायाचं नुकसान चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे मंदिराच्या सभागृहात तक्ताच लावला आहे. डावीकडे नावं, पुढे बारा महिने, शेवटी एकूण. श्रुतपंचमीला सगळ्यात मोठ्या आकड्याला शाल आणि चांदीची वाटी. गेल्या वर्षीचा पहिला नंबर ६४ पुस्तकांचा होता. सून म्हणते, तिच्या मोबाईलवर गुडरीड्समध्येही असंच वर्षाचं टार्गेट लावतात. लावू देत. तिथे कोणी त्याला स्वाध्याय म्हणत नाही. आपण म्हणतो.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्याय हे अंतरंग तप सांगितलं आहे आणि त्याचे पाच भेद दिले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. दशलक्षणात दरवर्षी आपण हे ऐकतो. वाचणं ही त्यातली पहिली पायरी. शंका विचारणं, मनात घोळवणं, पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणं, दुसऱ्याला सांगणं हे सगळं पुढे आहे. तक्त्याला फक्त पहिली पायरी दिसते. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर किर्दीत रकमा भरल्या आणि खतावणी केलीच नाही. अशा वह्यांवरून कोणता मुनीम ताळेबंद काढेल? उलाढाल ६४ची दिसते, शिल्लक काय राहिली ते कोणालाच माहीत नाही.

आणि आकडा लागला की पुस्तकांची निवडही बदलते. द्रव्यसंग्रहाच्या गाथा ५८ आणि आदिपुराणाची पर्वं ४७. तक्त्यात दोघांची किंमत एक. मग आदिपुराण कोण हातात घेणार? मंदिरातल्या कपाटातल्या वीस-वीस पानी पुस्तिका महिनाअखेरीला भराभर बाहेर निघतात. द्रव्यसंग्रह लहान आहे म्हणून तोही असाच एका दुपारी उरकला जातो. खरं तर नीट शिकवणारं कोणी भेटलं तर त्या ५८ गाथांना वर्ष पुरत नाही. आमच्यातल्या एक आजी, वय ७८, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, भिंग धरून रोज एक श्लोक वाचतात आणि दिवसभर तोच पुटपुटत असतात. त्यांच्या नावापुढे तक्त्यात शून्य आहे. त्यांनी आता सभागृहात बसणंच कमी केलंय. दर्शन घेऊन परस्पर घरी जातात.

प्रश्न विचारणंही कमी झालंय. पूर्वी वर्गात एखादी म्हणायची, "ताई, थांबा, अनेकांतवाद आणि 'सगळंच बरोबर' यात फरक काय?" मग तासभर त्यावरच जायचा. आता तिला गप्प करतात, कारण या महिन्याची दोन पुस्तकं बाकी असतात.

रत्नकरंड श्रावकाचार आपल्या यादीत असतोच, १५० श्लोकांचा. त्यात समंतभद्राचार्यांनी आठ मद सांगितले आहेत. कुळाचा, रूपाचा, संपत्तीचा मद आपल्याला चटकन आठवतो. त्या आठांत पहिलं नाव ज्ञानाचं आहे. तो श्लोक वाचून झाल्यावर तक्त्याजवळ जाऊन आपल्या नावापुढे एक रेघ वाढवायची, आणि जाता जाता शेजारणीच्या रेघा मोजायच्या!

यावर मला सांगितलं जातं, "अहो काकू, आकड्यामुळे निदान बायका पुस्तक हातात तरी घेतात. नाहीतर मालिका बघत बसतील." हे अगदी खोटं नाही. दोघी-तिघींना वाचायची सवय लागली, मी पाहिलंय. पण सवय कशाची लागली तेही बघायला हवं. संपवायची लागली. चांदीची वाटी बंद झाल्यावर त्या वाचतील का, हे मंडळाने एक वर्ष वाटी न देता पाहावं.

ज्या श्रुतपंचमीला आपण हे बक्षीस देतो, ती कशाची आठवण आहे? स्मरणशक्ती क्षीण होत चालली, श्रुत नष्ट होईल, या काळजीने धरसेनाचार्यांनी गिरनारला पुष्पदंत आणि भूतबलींना शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. त्याच्या धवला टीकेची ताडपत्रं मूडबिद्रीला शतकानुशतकं होती. लोक लांबून दर्शन घेऊन परत यायचे, वाचत कोणी नव्हतं. अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैनांनी पंडितांना सोबत घेऊन तिचा पहिला भाग १९३९ साली छापला. सोळा भाग पुरे व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली. म्हणजे वर्षाला एक भागसुद्धा नाही. आपल्या तक्त्यात हे प्राध्यापक शेवटच्या नंबरावर असते.

मग नोंद ठेवायची कशी? माझी साधी शंभर पानी वही आहे. पुस्तकाचं नाव, आणि ते कोणी दिलं किंवा कोणाकडून शिकले त्याचं नाव. ज्ञानाच्या आठ अंगांमध्ये अनिह्नव आहे ना, ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लपवायचं नाही, म्हणून हे घर मी मुद्दाम ठेवलं. पुढचं सगळं पान प्रश्नांसाठी. उत्तर मिळालं की शेजारी तारीख, नाही मिळालं तर पुढच्या वर्षाच्या वहीत ओढायचं, जशी येणी बाकी ओढतात तशी. काही बाक्या सहा-सहा वर्षं ओढतेय. निगोदातून जीव पहिल्यांदा बाहेर कसा पडतो, ही त्यातली सगळ्यात जुनी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'ही याच वहीत आहेत. तक्त्यात ती चालत नाहीत, धार्मिक नाहीत म्हणून. नवऱ्याने धर्म बदलल्यावर एका बाईच्या मनात काय काय झालं, हे त्यात आहे. श्रद्धेबद्दल मला त्यातून जे कळलं ते मी कुठे लिहायचं?

येत्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला बक्षीस द्यायचंच असेल, तर प्रत्येकीकडून वर्षभरात पडलेला एक प्रश्न चिठ्ठीवर मागवा, नाव न घालता. दहा चिठ्ठ्या काढून सगळ्यांसमोर वाचा आणि पंडितजींना बसवून घ्या, दुपारचं जेवण उशिरा झालं तरी चालेल. त्या ७८ वर्षांच्या आजींना आणायला मी स्वतः जाईन.