बोटीवरची दुसरी पंगत

आईला 80 पूर्ण झाली. भावंडांनी ठरवलं की हॉल नको, केटरर नको, मानपान नको; सगळ्यांनी मिळून बोटीवर जायचं. मुंबईहून निघायचं, गोव्याला थांबायचं, परत यायचं. तीन रात्री. ‘‘आईनं जन्मभर रांधलं, वाढलं. आता तिला आणि तुम्हा सगळ्या बायकांना तीन दिवस चूल नाही,’’ असं थोरला भाऊ म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मलाही बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू?

चूल नव्हती हे खरं. पण पंगत होती, आणि ती कुणी बसवायची हा प्रश्न आल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू चळवळीतली. तुला शिबिरं भरवायची सवय आहे.’’ हे कौतुकानं म्हटलं होतं. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेला एक अधिकारी आहे, कारखान्यात शेकडो माणसांच्या पाळ्या लावणारा एक भाचा आहे. त्यांची सवय कुणाला आठवली नाही.

बोटीवरच्या जेवणाची रीत ज्या मैत्रिणींना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठ्या बोटीच्या मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एकदम मावत नाहीत. म्हणून जुन्या काळापासून दोन पंगतींची पद्धत आहे, एक संध्याकाळी लवकर, दुसरी रात्री उशिरा. एकदा टेबल नेमून मिळालं की रोज तीच वेळ, तेच टेबल, वाढायलाही तीच माणसं. आता बऱ्याच बोटींवर ‘हव्या त्या वेळी या’ अशीही सोय असते, पण ती चार-सहा जणांना बरी, 27 जणांच्या गोतावळ्याला नाही. शिवाय प्रत्येक खोलीचं बुकिंग वेगळं, क्रमांक वेगळा. ते सगळे क्रमांक आधीच एकमेकांशी जोडून घ्यावे लागतात, नाहीतर संगणक खुशाल आईला एका पंगतीत आणि लेकाला दुसऱ्या पंगतीत बसवतो. टेबलं साधारण आठ-दहा जणांची. म्हणजे आम्हाला नऊ-नऊ जणांची तीन टेबलं, शेजारशेजारची. हिशेब इतका नेमका जुळला की मी स्वतःवर खूश झाले. त्या खुशीबद्दल पुढे सांगायचंच आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. पहिली पंगत साडेसहाची, दुसरी पावणेनऊची. भावांनी सुचवलं, ‘‘बायका-मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं साडेसहाला उरकून घेऊ. आम्ही नंतर निवांत बसू.’’ वहिन्यांना हे पटलं. त्यातली एक म्हणाली, ‘‘बघा, घरी आपण शेवटी जेवतो, इथं आपल्याला पहिला मान!’’ मी क्षणभर फसले. मग घड्याळ मांडून पाहिलं. साडेसहाला जेवायचं, म्हणजे पोरांना पाचपासून तयार करायचं. आठला उठायचं, पोरांना खोलीत न्यायचं, झोपवायचं, आईची औषधं द्यायची. त्या वेळी भाऊ गाणं ऐकून, दोन घोट घेऊन भोजनगृहात शिरणार, आणि अकरापर्यंत त्यांना हलवणारं कुणी नसणार. पंगत उलटी झाली, व्यवस्था तीच राहिली. कोण आधी जेवतं यापेक्षा जेवून उठल्यावर कोण मोकळं असतं हे बघावं, हे मला त्या रात्री कळलं. इतकी वर्षं ‘बायका मागाहून का जेवतात’ यावर मी भाषणं दिली आहेत!

शेवटी सगळे 27 जण साडेसहालाच, असा हट्ट मी धरला. दोघे भाऊ रुसले.

दुसरा प्रश्न कोण कुणाशेजारी. मी प्रत्येकाला स्वतंत्र फोन केला. पुरुषांनी पसंती सांगितल्या: खिडकीजवळ, गोंगाटापासून लांब, साडूच्या शेजारी. बायकांचं उत्तर एकच आलं, ‘‘मला कुठंही चालेल.’’ अकरा बायकांपैकी नऊ जणींचे हेच शब्द. विधवा काकूंनी तर दोनदा सांगितलं. आणि मग, फोन ठेवता ठेवता, हळूच एकेक गोष्ट बाहेर यायची. एकीला सासूच्या समोर बसायचं नव्हतं, कारण ताटात काय घेतलं यावर नजर असते. एकीला नवऱ्याच्या शेजारची जागा नको होती. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एका भाचीला पोरांच्या टेबलावर बसायचं नव्हतं. ‘‘मावशी, मी तीन वर्षांत एक जेवण सलग जेवलेली नाही,’’ ती म्हणाली. ‘कुठंही चालेल’ याचा अर्थ जागा नको असा नसतो. मागायची सवय राहिलेली नाही असा असतो, आणि ती मोडायला पहिला फोन पुरत नाही. तीन आठवडे मी फोन करत होते.

केंद्र सरकारच्या 2024 सालच्या वेळवापर पाहणीत असं दिसलं की बिनपगारी घरकाम ज्या बायका करतात त्यांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात. जे पुरुष ते करतात त्यांची 88. (2019 साली हेच आकडे 299 आणि 97 होते, म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ!) घराचं नियोजन हेही काम म्हणून मोजायची तरतूद अशा पाहण्यांत असते. पण त्या तीन आठवड्यांत कुणी वही घेऊन माझ्या दारात आलं असतं, तर मी बहुधा ‘नातेवाइकांशी गप्पा’ असंच सांगितलं असतं.

तिसरा प्रश्न माळकरी काकांचा. त्यांना निव्वळ शाकाहारी टेबल हवं होतं. ठीक आहे, श्रद्धेचा भाग आहे. पण यादी करताना ते म्हणाले, ‘‘धाकट्या नातसुनेला दुसरीकडे टाक. तिला तिचं जेवण जेवू दे.’’ नातसून बौद्ध घरातली आहे, लग्नाला सहा वर्षं झाली. आणि गंमत अशी की ती गेली चार वर्षं मांसाहार करत नाही. काकांना हे ठाऊकच नव्हतं, कारण चार वर्षांत ते तिच्याबरोबर एकदाही जेवले नव्हते. आमच्या घरात जात कुणी पाळत नाही, असं सगळेच सांगतात.

आपल्याकडे कोण कुणाबरोबर जेवलं ही कधीच साधी गोष्ट नव्हती. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून केवढं ग्रामण्य झालं! टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्तापर्यंत जावं लागलं. पुढे अनंत हरी गद्रे यांनी दलित दांपत्याला सत्यनारायणाच्या पूजेचा मान देऊन झुणका-भाकरीची सहभोजनं घातली. तो इतिहास आपण अभ्यासवर्गात शिकवतो. मी काकांना इतिहास सांगितला नाही. नातसुनेचं नाव त्यांच्याच टेबलावर लिहिलं आणि तिला आधी विचारलं. ती म्हणाली, ‘‘बसते. पण मला समोर बसवा, शेजारी नको. त्यांना माझ्याकडे बघावं लागू दे.’’

आता त्या नऊ त्रिक सत्तावीसबद्दल.

बोटीवर चढल्यावर पहिलं काम म्हणजे भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून टेबलं पक्की करणं. तो मुलगा रत्नागिरीकडचा निघाला, मराठीत बोलायला लागला. माझा तक्ता पाहून म्हणाला, ‘‘मॅडम, बुकिंगं जोडलेली आहेत 28 माणसांची. तुमच्या यादीत 27च आहेत.’’ मी पुन्हा मोजली. दोनदा मोजली. आणि मग माझ्या पोटात खड्डा पडला.

आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. उजवा हात चालत नाही, चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागतं. गेली पाच वर्षं तिचं सगळं एक बाई करतात. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. तिकीट काढताना त्यांचं आधार कार्ड मीच पाठवलं होतं, आईच्या खोलीतली दुसरी खाट त्यांची होती. पण जेवणाच्या तक्त्यात त्या नव्हत्या. नातं लावून हाक मारायची आणि माणसं मोजताना वगळायचं! हे माझ्या हातून झालं. भावाच्या नाही, काकांच्या नाही.

1912 साली बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांबरोबर आलेल्या दासी आणि खासगी नोकरांसाठी जेवणाची वेगळी खोली होती. वेगळी होती, पण त्यांना कुठंतरी जेवायचं आहे हे जहाज बांधणाऱ्यांनी धरलं होतं. माझ्या कागदावर तेवढंही नव्हतं.

मी लगेच दहावी खुर्ची मागितली. ‘‘मावशी आपल्याबरोबर बसतील,’’ असं जाहीर केलं. थोड्या भुवया उंचावल्या, पण आईच्या ऐंशीपुढे कुणी बोललं नाही. मावशी आईच्या शेजारी बसल्या. मला फार समाधान वाटलं, नेहमीच्या समारोपाच्या सत्रात वाटतं तसं. मग मी पाहत राहिले. मावशींनी आईला सूप भरवलं. तोंड पुसलं. भात कालवला, भरवला, पाणी पाजलं. त्यांच्या ताटातल्या पोळीचा पापुद्रा वाळून वर आला. वाढणारे मागचे पदार्थ उचलायला आले तेव्हा त्यांनी ‘झालं, झालं’ म्हणून न जेवलेलं ताट पुढे सरकवलं. सव्वाआठला आम्ही सगळे उठलो, तेव्हा त्या आईची खुर्ची वळवत होत्या. मी त्यांना पंगतीत बसवलं नव्हतं. पंगतीत कामाला लावलं होतं. आणि वर आमच्या 27 जणांदेखत खाताना होणारा संकोच.

रात्री मी त्यांच्यापाशी गेले आणि जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘ताई, राग नका मानू. मला तुमच्याबरोबर नको. वरती ते हातानं घ्यायचं जेवण आहे ना, तिथं मला एकटीला जाऊ द्या. दोन तास आईंना कोणीतरी बघा.’’

दोन तास! मी त्यांना खुर्ची देत होते आणि त्या वेळ मागत होत्या. आणि वेळ द्यायचा म्हटल्यावर खरी पंचाईत झाली, कारण मग आईला भरवायचं कुणी? नेहमीप्रमाणे वहिनी उठू लागली. मी म्हटलं, तू बस. तीन मुलं आहेत आईला, मुली सोडून. थोडी कुरबुर झाली. थोरला म्हणाला, ‘‘मला जमत नाही गं ते.’’ 61 वर्षांचा माणूस! दुसऱ्या रात्री त्यानंच भरवलं. आमटी आईच्या पदरावर सांडली, घास मोठा झाला, आईला ठसका लागला, सगळे घाबरले. तिसऱ्या रात्री धाकट्यानं बरं जमवलं. आईचं जेवण व्हायला पाऊण तास लागतो हे तिच्या मुलांना या बोटीवर कळलं.

मावशी दुसऱ्या रात्री सव्वानऊला परत आल्या. काय जेवलात, म्हणून मी विचारलं. पदार्थांची नावं त्यांना सांगता येईनात. म्हणाल्या, ‘‘सगळं गरम होतं.’’

आपल्या शिबिरांचं मला तेव्हापासून आठवतंय. तीन-तीन दिवसांची निवासी शिबिरं आपण घेतली. चर्चेला गोल करून बसलो, खुर्च्या नकोत, सगळ्या समान. स्वयंपाकाच्या बायांना शेवटच्या दिवशी बोलावून टाळ्या वाजवल्या, साडी दिली. त्या एखाद्या सत्राला बसल्या होत्या का? त्यांना बसायचं होतं का, की त्यांनाही दोन तास हवे होते? मला आठवत नाही, म्हणजे आम्ही विचारलं नव्हतं.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार संमत केला. त्यात असं आहे की कामगाराला स्वतःचा वेळ मनासारखा वापरता येत नसेल, तिला मालकाच्या हाकेच्या अंतरावर राहावं लागत असेल, तर त्या वेळाकडे कामाचे तास म्हणून पाहावं. किती, ते देशाच्या कायद्यानं ठरवावं. भारतानं त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. मी परत आल्यावर हिशेब मांडला. तीन रात्री आईच्या खोलीत, रात्री दोन-तीनदा उठणं, गोव्याला सगळे उतरले तेव्हा त्या आईजवळ बोटीवरच. नेहमीच्या पगाराव्यतिरिक्त तीन दिवसांचे दुप्पट पैसे द्यावेत असं मी भावंडांच्या बैठकीत मांडलं.

थोरला भाऊ म्हणाला, ‘‘अगं, तिलाही बोट बघायला मिळाली की! आपण तिचं तिकीट काढलं.’’ धाकटी बहीण म्हणाली, ‘‘एकदा पायंडा पडला की प्रत्येक लग्नाला द्यावे लागतील.’’ मी म्हटलं, हो, लागतील. धाकट्या भावानं त्याचा वाटा त्याच दिवशी दिला, बहुधा तिसऱ्या रात्रीच्या पाऊण तासामुळे. माझा मी दिला. उरलेल्या तिघांशी अजून बोलणं चालू आहे. मेमध्ये भाच्याचं लग्न आहे, त्याची पंगतीची यादी पुन्हा माझ्याकडे आली होती. ती मी कारखान्यात पाळ्या लावणाऱ्या भाच्याकडे पाठवली आहे.