चार तासांचे जंगल



अलीकडे आपल्या वसई-विरारमधील बरीच कुटुंबे सुट्टीत सिंगापूरला जातात आणि तेथून क्रूझने मलेशियाची फेरी करून येतात. सकाळी जहाज पेनांग बेटावरील जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागते. प्रवासी उतरतात, बसने पेनांग टेकडीच्या पायथ्याशी जातात, शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि केबलने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने वर चढतात, वर्षावनातल्या आखीव वाटेवरून तासभर हिंडतात आणि संध्याकाळच्या आत जहाजावर परततात. शाळा उघडली की वर्गात सांगणे होते, ‘‘आम्ही रेनफॉरेस्ट पाहिले!’’

या सहलीला माझा विरोध नाही. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य जावे. पण ‘पाहिले’ या शब्दाबद्दल मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. त्यासाठी पेनांगला जायची गरज नाही. वसई रोड स्टेशनवरून रिक्षाने किंवा बसने महामार्गावरचा सातिवली फाटा गाठा. तेथून तुंगारेश्वरचे जंगल सुरू होते. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला.

आधी एक कोडे घालतो. सिंगापूरला वर्षाला सरासरी २११३ मिलिमीटर पाऊस पडतो (१९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी), आणि तेथे वर्षावन आहे. आपल्या जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत सरासरी २३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. म्हणजे पाऊस आपल्याकडे थोडा जास्तच! मग तुंगारेश्वरला वर्षावन का नाही? तेथे साग, ऐन, खैर अशी पाने गाळणारी झाडे का?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले ‘‘तिकडे पाऊस जास्त पडतो’’ असे उत्तर देतात. आकडे पाहिल्यावर गप्प होतात. उत्तर बेरजेत सापडत नाही, ते वाटणीत आहे. सिंगापूरचा सर्वांत कोरडा महिना फेब्रुवारी, आणि त्या महिन्यातही सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पेनांगला जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस कमी होतो, पण थांबत नाही. आपल्याकडे मात्र ऑक्टोबरात पाऊस परतला की जूनपर्यंत आभाळ जवळजवळ कोरडे असते.

आता झाडाच्या बाजूने विचार करा. पान म्हणजे सतत चालणारा पंप आहे. मुळांनी जमिनीतून ओढलेल्या पाण्यापैकी फार मोठा भाग पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन निघून जातो. एक ग्रॅम पाण्याची साध्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढेच पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला फक्त ८० कॅलरी पुरतात. म्हणजे झाड आजूबाजूची केवढी उष्णता या कामी लावते, पाहा! झाडाखाली गार वाटते ते केवळ सावलीमुळे नव्हे. पण हा पंप चालवायला जमिनीत पाणी हवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल खोल जाते आणि पंप चालू ठेवणे झाडाला परवडत नाही. साग मग सरळ पाने टाकून देतो. सिंगापूरच्या झाडावर ही वेळ येत नाही. तेथे अडचण उलटी आहे. माथ्यावर बारमाही पालवीचे छप्पर असल्यामुळे जमिनीपर्यंत उजेड पोचतो तो शेकडा एक-दोन टक्के, आणि खालच्या रोपांची सारी धडपड त्या उजेडासाठी चालते. (आपल्याकडेही आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर, जेथे धुके आणि ओल अधिक टिकते, तेथे सदाहरित झाडे तग धरून आहेत.)

तात्पर्य, जंगलाचा स्वभाव ठरतो तो वर्षभराच्या हिशेबाने, आणि वर्षभराचा हिशेब चार तासांत दिसणे शक्य नाही. जुलैत तुंगारेश्वरला गेलेला माणूस त्यालाच वर्षावन म्हणेल. एप्रिलमध्ये गेलेला म्हणेल, हे तर वाळके रान आहे. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेले असते आणि दोघांचेही चुकते.

काही हिशेब तर वर्षाहून लांबचे असतात. खाडीपलीकडच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ मध्ये फुलली, त्यानंतर २०२४ मध्ये. मधल्या सात वर्षांत तेथे गेलेल्यांना ती फक्त हिरवी झुडपे दिसली. मलेशियाच्या वर्षावनातील डिप्टेरोकार्प कुळातल्या उंच वृक्षांचेही असेच आहे. काही वर्षांच्या अनियमित अंतराने अनेक जाती एकाच हंगामात फुलतात. नेमक्या त्याच हंगामात तुमचे जहाज धक्क्याला लागेल, असा भरवसा कोण देणार?

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५४ साली सिंगापूरला उतरला. तो बुकित तिमाह टेकडीजवळ राहिला आणि सुमारे दोन महिन्यांत त्याने भुंगेऱ्यांच्या ७०० जाती गोळा केल्या. त्यांतल्या बहुतेक साऱ्या जेमतेम एक चौरस मैलाच्या रानातल्या होत्या. रोज त्याच रानात जायचे, लाकूडतोड्यांनी पाडलेले ओंडके आणि त्यांचा भुसा तपासायचा, हेच त्याचे काम. टेकडीची उंची अवघी १६३ मीटर. तुंगारेश्वर तिच्यापुढे पर्वतच म्हणावा लागेल!

म्हणून शाळांना माझी सूचना आहे. नववीच्या वर्गाची वर्षाची एक मोठी सहल रद्द करून त्याच खर्चात तुंगारेश्वरच्या चार फेऱ्या करा: ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल. शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम कधी संपवायचा? पण बाष्पीभवनाची सुप्त उष्णता, सापेक्ष आर्द्रता आणि प्रकाशाची तीव्रता हा अभ्यासक्रमच आहे. फक्त तो फळ्याऐवजी झाडाखाली शिकवायचा. ऑगस्टच्या फेरीत मात्र ओढ्यात किंवा धबधब्यात कोणी उतरायचे नाही. चिंचोटीला माणसे बुडालेली आहेत, आणि पावसाळ्यात तुंगारेश्वर-चिंचोटी भागात जाण्यावर अनेकदा बंदी असते. तशी ती असेल तर ती फेरी सप्टेंबरात करावी. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रही टाळावी. मंदिराच्या त्या गर्दीत थर्मामीटर कोणाच्या तरी पायाखाली जाईल.

सामान थोडेच लागते. दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की दोहोंच्या वाचनातील फरकावरून हवेतली आर्द्रता काढता येते. उजेड मोजायला शिक्षकांचा मोबाइल चालेल. प्रत्येक गटाने एक झाड ठरवून घ्यावे आणि दर खेपेला तेथेच, शक्यतो त्याच वेळी नोंदी कराव्यात. वनरक्षकांची परवानगी मिळाली तर सागाच्या पानांवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी तासभर बांधा आणि आत जमलेले पाणी मोजनळीत मोजा. पिशवी अर्थातच परत आणायची. ऑक्टोबरात पिशवीत पाणी दिसेल. जानेवारीत किती कमी होते ते लिहून ठेवा. एप्रिलमध्ये त्याच फांदीपाशी जाल तेव्हा बहुधा पिशवी बांधायला पानच नसेल. तेही वहीत लिहा, तारखेसकट.